खेळण्यातला सेनापती

मुलांच्या हाती खेळण्यातली बंदूक द्यावी की नाही, हा वाद आज मोबाईलवरील मारधाडीच्या खेळांपर्यंत येऊन पोचला असला, तरी तो मुळात जुनाच आहे. त्या संदर्भात एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाचे चरित्र तपासून पाहण्यासारखे आहे. या गृहस्थाने लुटुपुटूच्या लढाईवर मनापासून प्रेम केले आणि पुढे त्या प्रेमाचा हिशेबही स्वतःच मांडला.

वेल्स यांचा जन्म १८६६ साली लंडनजवळच्या ब्रॉम्ली गावी झाला. वडिलांचे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान बेताचेच चाले. क्रिकेट खेळून ते संसाराला हातभार लावीत. १८७४ मध्ये पाय मोडल्यामुळे मुलगा अंथरुणाला खिळला आणि वडिलांनी आणून दिलेल्या पुस्तकांनी त्याला वाचनाचे वेड लावले. गावच्या टेकडीवर एकटाच हिंडताना हा किरकोळ अंगाचा मुलगा मनातल्या मनात सैन्ये हलवी, शत्रूची दाणादाण उडवी आणि विजयी सेनापती म्हणून मिरवे. सर्व वंशांत आपलाच वंश श्रेष्ठ, ही समजूतही त्याने त्याच वयात उचलली होती. दारिद्र्यातील पोराची ही दिवास्वप्ने कोणाला दिसणार?

पुढे कापडदुकानातील उमेदवारी, मग शिष्यवृत्तीवर विज्ञानाचे शिक्षण, शिक्षकी पेशा आणि अखेर लेखनाने मिळवून दिलेली जगभरची कीर्ती, असा त्यांचा प्रवास झाला. पण टेकडीवरचा सेनापती निवृत्त झाला नव्हता. घरातील जमिनीवर शिशाचे सैनिक मांडून, लाकडी गोळ्या उडविणाऱ्या स्प्रिंगच्या तोफा डागून ते मित्रांशी तासन्‌तास लढत. या खेळाचे नियम सांगणारे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक त्यांनी १९१३ साली प्रसिद्ध केले. खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध कितीतरी शहाणपणाचे, सबब युद्धखोरांना एका खोलीत कोंडून हीच खेळणी त्यांच्यापुढे टाकावीत, असा त्या पुस्तकाचा समारोप होता. खेळ हा युद्धज्वरावरचा उताराच, असे त्यांनी जणू ठरवून टाकले होते.

दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले. आणि हेच वेल्स, हे युद्ध सर्व युद्धांचा शेवट करील असे सांगत, आवेशाने लेख लिहू लागले! उताऱ्याने काम केले नव्हते, हे उघड आहे. मात्र दोष शिशाच्या सैनिकांवर टाकून मोकळे होणेही न्यायाचे नाही. त्या ऑगस्टमध्ये युरोपच्या राजधान्यांतून जयघोष करणारे सगळेच काही असल्या खेळात वाढलेले नव्हते.

१९१६ साली वेल्स यांनी इटली व फ्रान्सच्या आघाड्या पाहिल्या. १९३४ च्या आत्मचरित्रात त्यांनी कबूल केले की, १९१४ पर्यंत आपल्याला युद्धाच्या खेळाची गोडी होती आणि १९१६ ते १९२० या काळात केव्हातरी आपण त्या अवस्थेतून बाहेर पडून युद्धाकडे प्रौढपणे पाहू लागलो. बालपणीच्या त्या स्वप्नांची तुलना त्यांनी थेट हिटलरशी केली. तेरा वर्षांच्या पोराचे मन घेऊन मोठा झालेला माणूस, असे त्यांचे त्याच्याविषयीचे निदान होते. प्रसिद्धीच्या शिखरावरील लेखकाने स्वतःला अशा पंगतीत बसवावे, ही प्रामाणिकपणाची कमालच म्हणायची.

मग बदल घडला तो कशाने? खेळणी माळ्यावर टाकल्याने नव्हे. वेल्स यांचा रोख आता शाळेत शिकविल्या जाणाऱ्या इतिहासाकडे वळला. स्वराष्ट्राच्या विजयांची जंत्री मुलांकडून घोकून घेणारा इतिहास त्यांना सर्वांत घातक वाटू लागला. म्हणूनच सबंध मानवजातीची एक कथा सांगणारा ‘आउटलाइन ऑफ हिस्टरी’ हा ग्रंथ त्यांनी महायुद्धानंतर सिद्ध केला. तो प्रचंड खपला. शाळांची क्रमिक पुस्तके मात्र फारशी हलली नाहीत. हिरोशिमानंतर एका वर्षाने, ऑगस्ट १९४६ मध्ये वेल्स वारले.

लहानपणी घरच्या जमिनीवर खेळण्यांची राज्ये मांडणारे त्यांचे दोन मुलगे पुढे आपापल्या वाटेने गेले. धाकटा चित्रपटव्यवसायात शिरला. थोरला प्राणिशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि वडील व ज्युलियन हक्स्ली यांच्यासह त्याने जीवशास्त्रावर एक मोठा ग्रंथ लिहिला.