नर्सची पायपीट मोजणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल

१२ मे आला की दवाखान्यांत दिवे लागतात, शपथ घेतली जाते, सिस्टरांना गुलाबाची फुलं दिली जातात. हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. हातात दिवा घेतलेली सेवामूर्ती म्हणून त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पण नर्सला पोटभर जेवण, शांत झोप, ठरलेला पगार आणि स्वतःची खोली हवी, असा आग्रह धरणाऱ्याही त्याच होत्या.

१८२० साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज घरात त्यांचा जन्म झाला. शहराचंच नाव मुलीला ठेवलं. तेव्हा इंग्लंडात नर्सचं काम हलकं समजलं जाई. पगार तुटपुंजा, झोपायची सोय वॉर्डाला लागूनच, त्यात दारूबाजीचा बोभाटा. त्यामुळे घरच्यांनी कडाडून विरोध केला. तरी १८५१ मध्ये त्या जर्मनीत कायझर्सवर्थला जाऊन काम शिकल्या.

१८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरचं एक छोटं रुग्णालय त्यांच्या हाती आलं. तिथे त्यांनी आधी इमारतीकडे पाहिलं. गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर यावं, जेवण वर चढवायला लिफ्ट असावी, कुठल्या रोग्याने घंटी वाजवली ते नर्सला जागेवरूनच कळावं, अशा मागण्या त्यांनी केल्या. नर्सचा दिवस जिने चढण्या-उतरण्यातच गेला, तर ती रोग्याकडे बघणार कधी? हिशेब साधा होता.

पुढच्याच वर्षी इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरलं. ३८ जणींना घेऊन त्या तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या. नर्सना राहायला मोजक्या खोल्या, त्याही गळक्या आणि उंदरांनी भरलेल्या. पहिल्या हिवाळ्यात सैनिक पटापट मरत होते. मार्च १८५५ मध्ये सरकारी पथकाने गटारं उपसली, हवा खेळती केली, तेव्हा मृत्यू झपाट्याने घटले. नुसत्या मायेने रोगी वाचत नाही, हे त्यांनी पुढे आकडे मांडून दाखवून दिलं.

जनतेने जमवलेल्या सुमारे ४५ हजार पौंडांच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा निघाली. शिकाऊ मुलींना राहणं, जेवण, गणवेश, वर्षाला १० पौंड आणि प्रत्येकीला वेगळी खोली. शिस्त मात्र कडक.

हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत, पण इथल्या आरोग्यावर आणि दुष्काळावर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

एका बाबतीत मात्र त्या अनेक नर्सच्या विरोधात उभ्या राहिल्या. १८८७ नंतर इंग्लंडातल्या नर्सनी सरकारी नोंदणीची मागणी लावून धरली. परीक्षा आणि नोंदवहीतून नर्सचा स्वभाव कळत नाही, असं नाइटिंगेल यांचं म्हणणं. त्यांचा शब्द वजनदार, त्यामुळे चळवळीला चांगलाच अडसर झाला.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदीत, त्यांचं निधन झालं. नोंदणीचा कायदा त्यानंतर ९ वर्षांनी, १९१९ मध्ये आला. त्यांच्या नावाने दिवा आजही लावला जातो. नर्सच्या खोलीची, झोपेची आणि पगाराची त्यांची मागणी मात्र कितीतरी ठिकाणी अजून अर्धवटच आहे.