अनुभव होता, तरी नकारच!

नर्सिंग पास झालेल्या मुली मंडळात येतात. 'अनुभव नाही' म्हणून नोकरी नाकारली की अगदी रडवेल्या होतात. मी त्यांना मेरी सीकोलबाईंबद्दल सांगते.

१८०५ साली जमैकातल्या किंग्स्टनमध्ये त्यांचा जन्म. आई जडीबुटीची जाणकार, वडील स्कॉटिश लष्करी अधिकारी. शुश्रूषा आईच्या हाताखालीच शिकल्या. १८५० मध्ये किंग्स्टनला आणि पुढच्या वर्षी पनामात कॉलऱ्याचे रुग्ण त्यांनी सांभाळले. क्रिमियाच्या युद्धासाठी नर्स हव्यात कळल्यावर १८५४ मध्ये लंडनमध्ये युद्धखात्यात गेल्या, नर्स निवडणाऱ्या बायकांकडे गेल्या, मदतनिधीवाल्यांकडेही गेल्या. सगळीकडून नाहीच! आपल्या रंगामुळे तर नव्हे, या विचाराने भर रस्त्यात त्यांना रडू कोसळलं. पन्नाशीला टेकलेली बाई हो!

मग स्वतःच्या पैशाने निघाल्या. थॉमस डे या भागीदाराबरोबर १८५५ मध्ये बालाक्लाव्हाजवळ 'ब्रिटिश हॉटेल' उभारलं. जेवणखाण, सामान विकायचं आणि आजारी शिपायांना औषधपाणीही करायचं. सेवेत धंदा कसला, असं काहींना वाटतं. मला विचाराल तर, चूल पेटली तरच काढा उकळेल ना! लढाईच्या जागी जाऊनही त्या जखमींना मलमपट्टी करत.

१८५६ मध्ये युद्ध संपलं, माल पडून राहिला, दिवाळं निघालं. पण सैनिक विसरले नाहीत. १८५७ मध्ये त्यांच्या मदतीसाठी लंडनमध्ये चार दिवसांचा जलसा झाला. आत्मचरित्रही त्याच वर्षीचं. १८८१ मध्ये त्या गेल्या.

२०१६ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला, तो लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या आवारात. नाइटिंगेलबाईंची नर्सिंगची शाळा १८६० मध्ये सुरू झाली होती, तेच हे हॉस्पिटल.