घर गेलं, भाऊ गेला, तरी शब्द सोडला नाही : श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथांची गोष्ट

श्रीवर्धनला फिरायला गेलात तर बीचवर जाल, सुपारीच्या बागा बघाल. पण पहिला पराक्रमी भट पेशवा याच गावातून जीव मुठीत घेऊन पळाला होता, हे माहितीये का?

बाळाजी विश्वनाथ भट. घराण्याकडे श्रीवर्धनची देशमुखी. जंजिऱ्याच्या सिद्दीशी वैर आलं आणि सगळं विस्कटलं. त्यांचा भाऊ जानोजी याला सिद्दीने पोत्यात घालून समुद्रात बुडवल्याचं सांगितलं जातं. बाळाजींनी वेळासच्या भानू बंधूंना सोबत घेतलं आणि घाट चढला.

देशावर शून्यातून सुरुवात. धनाजी जाधवांच्या हाताखाली महसुलाचं काम केलं. 1707 मध्ये शाहू महाराज मुघलांच्या कैदेतून परतले आणि बाळाजी त्यांच्या बाजूने उभे राहिले. 1711 मध्ये धनाजींचा मुलगा चंद्रसेन त्यांच्या जिवावर उठला. पुन्हा पळापळ! ते पांडवगडाच्या आसऱ्याला गेले. चंद्रसेन ताराबाईंना मिळाला, शाहूंची बाजू लंगडी पडली. बाळाजींनी मात्र बाजू न बदलता नवी फौज उभी केली.

नोव्हेंबर 1713 मध्ये ते पेशवे झाले. समोर होते कान्होजी आंग्रे, ज्यांनी आधीच्या पेशव्यालाच कैद केलं होतं. बाळाजींनी लढाईऐवजी बोलणी केली आणि 1714 मध्ये कान्होजी शाहूंकडे आले. पुढे दमाजी थोराताने बेलभंडाऱ्याची शपथ मोडून बाळाजींनाच कैद केलं. शाहूंनी खंडणी भरून त्यांना सोडवलं.

आणि ज्या सिद्दीमुळे घर सुटलं, त्याच्याशी? 1715 मध्ये तह. वैयक्तिक सूड बाजूला, राज्याची गरज आधी.

1719 मध्ये ते दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. सोबत शाहूंच्या आई येसूबाई होत्या, तब्बल 30 वर्षांच्या कैदेनंतर. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1720 मध्ये, सासवडला बाळाजींचं निधन झालं.

आजचे मानसोपचारतज्ज्ञ सांगतात की भीती किंवा दुःख जाण्याची वाट बघत बसू नका. आपल्यासाठी काय मोलाचं आहे ते ठरवा आणि मन जड असतानाच त्या दिशेने एक छोटं पाऊल टाका. भावाचं दुःख आणि कैदेची भीती बाळाजींच्या वाट्यालाही आलीच होती. पण पुढचं पाऊल कुठे टाकायचं, हे त्या भीतीने ठरवलं नाही. ते ठरवलं शाहूंवरच्या निष्ठेने.

तुमचं मन जड असेल, तर आज स्वतःला एकच प्रश्न विचारा : माझ्यासाठी मोलाचं काय आहे? आणि ओझं एकट्याने पेलवत नसेल, तर मदत मागा. घाट चढताना बाळाजीही एकटे नव्हते, भानू सोबत होते.

पुढच्या वेळी श्रीवर्धनला गेलात, की पेशवे स्मारकापाशी थोडं थांबा.