पोस्टरे जमवणारे डॉ. हान्स साक्स

पोस्टर भिंतीवर लागते, चार दिवस मिरवते आणि मग पावसात भिजून फाटते. असे कागद जन्मभर जपणाऱ्या एका यहुदी दंतवैद्याचे हे चरित्र आहे.

हान्स साक्स यांचा जन्म १८८१ साली ब्रेस्लाउ येथे झाला. हे शहर तेव्हा जर्मनीत होते, आता पोलंडमध्ये आहे. शाळेत असतानाच त्यांना पोस्टरे जमवण्याचा नाद लागला. त्या काळी रंगीत पोस्टरे शिळाछापावर छापत. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, चित्रावर तेवढी बसते. मुलांनो, १८४६ साली मुंबईत आपली मराठी अर्थासहित हगादा शिळाछापावरच छापली होती.

पॅरिसमध्ये तुलूझ-लोत्रेक, शेरे असे चित्रकार नाचघरांसाठी अशी पोस्टरे काढीत. पुष्कळांना ते जाहिरातीचे कागद वाटत. साक्स यांना त्यांत कला दिसली. १९०५ साली त्यांनी बर्लिनमध्ये पोस्टरप्रेमींचे मंडळ स्थापन केले. १९१० ते १९२१ या काळात ‘दास प्लाकाट’ हे मंडळाचे नियतकालिक निघत असे. दवाखाना सांभाळून त्यांनी सुमारे १२,५०० पोस्टरे जमवली.

१९३८ साली नाझी प्रचारमंत्री गोबेल्स याच्या हुकमाने सगळा संग्रह घरातून उचलून नेला. त्याच नोव्हेंबरात सिनेगॉग जाळले गेले, यहुद्यांची धरपकड झाली आणि साक्स यांना साक्सनहाउसेनच्या छळछावणीत टाकले. सुटका होताच पत्नी व तान्ह्या मुलाला घेऊन ते अमेरिकेला गेले.

युद्धात संग्रह नष्ट झाला असे समजून १९६१ साली त्यांनी पश्चिम जर्मनीकडून २,२५,००० मार्क भरपाई घेतली. पुढे १९६६ मध्ये कळले, की काही पोस्टरे पूर्व बर्लिनच्या संग्रहालयात शाबूत आहेत! मधे मात्र दोन जर्मनींची भिंत उभी होती. १९७४ साली त्यांचे निधन झाले. आपली पोस्टरे त्यांना पुन्हा दिसली नाहीत.

जर्मनी एक झाल्यावर मुलगा पीटर याने दावा लावला. भरपाई दिलेली आहे, मुदतही टळली आहे, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते. २०१२ साली जर्मनीच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला, की वस्तू परत न करणे म्हणजे नाझींचा अन्याय तसाच चालू ठेवणे होय. चार हजारांहून अधिक पोस्टरे परत मिळाली. पीटर तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता. २०१३ पासून न्यूयॉर्कमध्ये त्यांचा लिलाव होऊ लागला आणि ती पुन्हा लोकांच्या भिंतींवर गेली.

भरपाईचे पैसे मिळाले म्हणून वस्तूवरचा हक्क संपत नाही, हे या दाव्याने ठरले. पण हक्क सांगायला मागे कोणीतरी माहीतगार लागतो. आपल्या घरांतल्या पेट्यांत जुने केतुबा आहेत, कोकणातल्या गावांतले फोटो आहेत. वडीलधाऱ्यांनी त्यांच्या पाठीवर नाव, गाव आणि साल लिहावे. मुलांनी शेजारी बसून विचारावे.