चित्रकार आबालाल रहिमान

चित्रकलेची आवड असलेल्या मुलाला दहावी-बारावीनंतर कुठे घालावे, हा प्रश्न घेऊन दरवर्षी काही पालक शाळेत येतात. कलेच्या महाविद्यालयात चार वर्षे घालवून पुढे पोट कसे भरणार, ही त्यांची काळजी. महाविद्यालयाचा शिक्का बसल्याशिवाय चित्रकार होताच येत नाही, ही मुलाची समजूत. अशा वेळी मला कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांची आठवण होते. महाराष्ट्रातील फार मोठ्या निसर्गचित्रकारांत त्यांची गणना होते. पण आपल्या बीड जिल्ह्यात त्यांचे नाव फारसे कोणाच्या कानावर नाही. म्हणून हा परिचय.

आबालाल यांचे मूळ नाव अब्दुल अजीज. त्यांचा जन्म १८६० च्या सुमारास कोल्हापुरात झाला. घराण्यात कुराणशरीफच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. विद्यार्थी मित्रांनो, कातिबाचे काम म्हणजे काय, हे छापील पुस्तकांच्या जमान्यात आपल्या सहज लक्षात येत नाही. बोरूचे टोक किती तिरके कापायचे, शाई किती दाट ठेवायची, अलिफ किती उंच आणि नूनची वाटी किती खोल, याचे माप ठरलेले असते. हात थरथरला की पान वाया. ज्या घरात हे काम चालते, त्या घरातल्या मुलाला रेषेची शिस्त आपोआप लागते. आबालाल यांचे पहिले कलाविद्यालय हेच होते, असे मी मानतो. फारसी आणि अरबीचे संस्कारही त्यांच्यावर लहानपणीच झाले.

पुढे एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीच्या पाहण्यात त्यांची चित्रे आली आणि तिच्या शिफारशीमुळे त्यांना मुंबईला जाता आले, असे सांगितले जाते. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून सुरू झाले होते. १८८० नंतरची काही वर्षे आबालाल तेथे शिकले. तिथले शिक्षण मोठे चिकाटीचे. प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून महिनोन् महिने पेन्सिलीने छायाप्रकाश उतरवायचा, मग यथार्थदर्शन, मग वस्तुचित्र, मग जिवंत माणूस. रंगाला हात लागायला फार वेळ लागे. कंटाळून सोडून जाणारेही असत. आबालाल टिकले, आणि १८८८ च्या सुमारास व्हाइसरॉयच्या पदकाचे मानकरी ठरले.

येथे थोडे विषयांतर करतो. त्या वेळी संस्थेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स होते. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. मुंबईची मुले तेव्हाच्या निजामी मुलखात येऊन, लेण्यांच्या अंधारात बसून शिकत होती. आपल्याला अजिंठा मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. पण सहलीत आपण मुलांना तासाभरात लेणी दाखवतो आणि बसमध्ये बसवतो. वही-पेन्सिल घेऊन बसायला कोणी सांगत नाही.

पदक मिळाल्यावर आबालाल मुंबईत राहते, तर श्रीमंतांची व्यक्तिचित्रे करून बरी कमाई करू शकले असते. ड्रॉइंग मास्तरची नोकरीही मिळाली असती. ते कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ तलावाच्या काठी साधेपणाने राहू लागले. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट ही ठिकाणे त्यांनी पुन्हापुन्हा रंगवली. जागा तीच, पण पहाटेचे पाणी वेगळे, दुपारचे वेगळे, पावसाळी संध्याकाळचे आणखी वेगळे. पुतळ्यांवरचा छायाप्रकाश वर्षानुवर्षे गिरवल्याशिवाय पाण्यावरचा असा प्रकाश पकडता आला नसता. शाळेने हात दिला, नजर मात्र कोटितीर्थाच्या काठी तयार झाली. पैशाची कायम ओढाताण असे. मिळेल त्या कागदावर ते चित्र काढीत आणि रंगही स्वतः तयार करीत, असे कोल्हापुरात सांगतात.

१८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले. मल्लांना, गवयांना, अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गायकाला ज्यांनी आसरा दिला, त्या महाराजांनी आबालाल यांनाही दरबारी चित्रकार म्हणून जवळ केले. पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे. पदक असूनही या कलावंताच्या चुलीची काळजी मिटली, ती कदर करणारा राजा भेटला तेव्हा. आज राजे नाहीत. म्हणून पोटापाण्याचा विचार शिक्षणाबरोबरच करावा लागतो, आणि तो करणारे पालक कलेचे वैरी ठरत नाहीत.

त्याच कोल्हापुरात दुसरी एक वाट होती. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे चुलतभाऊ कलाशाळेत गेलेच नाहीत. मेस्त्री घराण्यात लाकूड, माती, रंग यांचे काम चाले; ते पाहून, करून ते शिकले. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून त्यांनी नाव मिळवले. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी चित्रपटाचा कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला.

त्यांच्या हाताखाली कागलचे शेख फत्तेलाल तयार झाले. कलाशाळेचे प्रमाणपत्र नसलेले हे फत्तेलाल १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. त्यांनी आणि विष्णुपंत दामले यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. संत तुकारामांची देहूनगरी पडद्यावर उभी करण्यात एका मुसलमान कारागिराचा हात होता, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे.

मात्र कार्यशाळेची ही वाट सोपी समजू नये. तेथे फी नसते. पण उस्तादाचे रंग घोटण्यात आणि पडदे ताणण्यात बरीच वर्षे जातात. आपल्याकडे पाट्या रंगवणाऱ्या पेंटरच्या हाताखाली ती सोय होती. फ्लेक्स आल्यापासून ते दुकान जवळजवळ उठले. त्यामुळे आज माझा कौल, मुलाचा हात खरोखर चालत असेल तर, महाविद्यालयाकडे झुकतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय परीक्षा शाळेतच देता येतात. निदान तेवढ्यावरून आवड आहे की हौस, याचा अंदाज येतो. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात जाता येते. त्यासाठी मुंबई गाठलीच पाहिजे असे नाही. ज्याला लवकर कमावणे भाग आहे, त्याने कलाशिक्षक पदविकेची चौकशी करावी. पण कोठेही घालण्यापूर्वी पालकांनी मुलाच्या वह्या मागून पाहाव्यात. रोज काढतो का, की फक्त स्पर्धेच्या आदल्या रात्री?

आबालाल यांनी रोज काढले. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले आणि त्यांचा आधार तुटला. त्या दुःखात त्यांनी आपली पुष्कळ चित्रे तलावाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापूरकर आजही सांगतात. त्यानंतर ते नऊ वर्षे जगले. २८ डिसेंबर १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची जी चित्रे मागे राहिली, त्यांपैकी काही कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतात. पन्हाळा आणि रंकाळा पाहायला जाणाऱ्या आपल्या शाळांच्या सहलींनी तेथेही अर्धा दिवस थांबावे, आणि मुलांजवळ वही-पेन्सिल असावी.