कारागृहाच्या वाटेवरची शाळकरी मुलगी
इंदिरा गांधी यांची पुण्यातील तीन वर्षे

स्नेहसंमेलने आणि पारितोषिक वितरण समारंभ यांचा हंगाम सुरू झाला की शाळाशाळांतून यशस्वी विद्यार्थ्यांच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागतात. वक्तृत्वात प्रथम, धावण्यात द्वितीय, शालान्त परीक्षेत अमुक टक्के अशा त्या याद्या आम्ही आनंदाने वाचतो व आमच्या वाचकांपुढे ठेवतो. मुलांच्या कष्टांचे कौतुक व्हावयास हवेच. तथापि शाळेने मुलाला नेमके काय दिले, याचा संपूर्ण हिशेब अशा याद्यांत मावत नाही. काही मुलांना शाळा केवळ विद्या देत नाही. घर विस्कटलेले असते तेव्हा काही काळ ती घराची जागा भरून काढते. पुण्यातील अशाच एका छोट्या खाजगी शाळेची आणि तिच्या एका विद्यार्थिनीची जीवनकथा आम्ही आज सादर करीत आहोत. ही विद्यार्थिनी म्हणजे पुढे सुमारे सोळा वर्षे भारताचे पंतप्रधानपद भूषविणाऱ्या इंदिरा गांधी.

शाळा बदलत राहिलेले बालपण

इंदिरा नेहरू यांचा जन्म 19 नोव्हेंबर 1917 रोजी अलाहाबाद येथे झाला. आजोबा मोतीलाल नेहरू नामांकित वकील होते. घर ऐश्वर्यसंपन्न होते, परंतु मुलीला समज येऊ लागली तोवर त्या घराने स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेतली होती. परदेशी कापडाची होळी झाली, खादी आली आणि त्याबरोबर पोलिसांचे येणेजाणेही सुरू झाले. वडील जवाहरलाल वारंवार तुरुंगात जात. आई कमला यांची प्रकृती सदैव नाजूक असे. एकुलत्या एका मुलीच्या वाट्याला मोठ्या घरातले एकटेपण आले.

तिचे शिक्षणही सलग झाले नाही. अलाहाबादच्या एका इंग्रजी शाळेत तिला घातले, पण ती शाळा राष्ट्रीय बाण्याशी विसंगत ठरली आणि तिला काढून घेण्यात आले. 1926 साली आईच्या क्षयरोगावरील उपचारांसाठी कुटुंब स्वित्झर्लंडला गेले, तेव्हा ती तेथील शाळांत शिकली. परतल्यावर अलाहाबादच्या सेंट मेरीज कॉन्व्हेंटमध्ये धर्मभगिनींच्या हाताखाली तिने काही काळ काढला. घरी येऊन शिकविणारे शिक्षकही होतेच. दर दोन वर्षांनी नवे वर्ग, नव्या मैत्रिणी, नवी भाषा असा हा प्रवास होता.

1930 सालचा सविनय कायदेभंग सुरू झाला तेव्हा बारा वर्षांच्या इंदिरेने अलाहाबादेत मुलांची वानरसेना उभी केली. 1 जानेवारी 1931 रोजी कमला नेहरूंना अटक झाली. त्याच वर्षी 6 फेब्रुवारीस आजोबा मोतीलाल निवर्तले. वर्षभरात त्या घराचे छत्र नाहीसे झाले आणि मुलीला कोठे ठेवावे, हा प्रश्न आईवडिलांपुढे उभा राहिला.

वकील दांपत्याची शाळा

त्या प्रश्नाचे उत्तर पुण्यात सापडले. जहांगीर वकील आणि त्यांच्या पत्नी कुंवरबाई यांनी पुण्यात लहान मुलांसाठी एक निवासी शाळा काढली होती. तिचे नाव प्युपिल्स ओन स्कूल, म्हणजे विद्यार्थ्यांची आपली स्वतःची शाळा. वकील यांनी रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात अध्यापन केलेले होते व तेथील संस्कार घेऊनच हे दांपत्य पुण्यास आले होते. सरकारी अनुदानाच्या किंवा एखाद्या मोठ्या संस्थेच्या पाठबळाची ही शाळा नव्हती. मुले थोडी, शिक्षक थोडे आणि राहणी साधी. शाळा व घर यांमधील सीमारेषा तेथे जवळजवळ पुसली गेली होती.

1931 साली उन्हाळ्यात, सिंहलद्वीपचा प्रवास आटोपल्यावर, साडेतेरा वर्षांची इंदिरा या शाळेत दाखल झाली. तेथील मुलांत ती वयाने मोठ्यांपैकी होती. मोठेपणाचे मान थोडे असतात आणि कामे पुष्कळ असतात, हा निवासी शाळेचा नियमच आहे. लाजरी आणि अबोल अशी ही मुलगी हळूहळू धाकट्यांकडे लक्ष देऊ लागली व शाळेच्या कार्यक्रमांत भाग घेऊ लागली.

1932 सालच्या जानेवारीत इंदिरेच्या आत्या विजयालक्ष्मी पंडित यांनाही अटक होऊन वर्षाची शिक्षा झाली. त्यांचे पती रणजित पंडित हेही तुरुंगात गेले. त्यांच्या तीन मुली, चंद्रलेखा, नयनतारा आणि रीता, याच शाळेत आल्या. थोरली आठ वर्षांची, मधली पाचाची आणि धाकटी तर अवघी तीन वर्षांची. तीन वर्षांचे मूल निवासी शाळेत सांभाळणे म्हणजे काय, हे वसतिगृहे चालविणाऱ्या आमच्या वाचकांना सांगावयास नको. वकील दांपत्याने ते सांभाळले आणि त्या तिघींना थोरल्या बहिणीचा आधार इंदिरेने दिला. घरी जिला सांभाळणारे कोणी उरले नव्हते, ती येथे सांभाळणारी झाली. आमच्या मते तिचे शाळेतील पहिले मोठे यश हेच होय, जरी त्यासाठी कोणतेही पारितोषिक ठेवलेले नव्हते.

वडिलांचे शिक्षण पत्रांतून चालू होते. 1930 सालच्या ऑक्टोबरपासून 1933 सालच्या ऑगस्टपर्यंत जवाहरलालजींनी तुरुंगातून मुलीसाठी जगाच्या इतिहासावर पत्रांची मोठी मालिका लिहिली. पुढे ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ही पत्रे लिहिली जात तशी हाती पडत असत असे नव्हे. पुष्कळशी साचून राहत आणि उशिरा पोहोचत. त्यात 1932 साली आणखी एक आघात झाला. अलाहाबादच्या तुरुंगात रणजित पंडितांना भेटावयास गेलेल्या आजी, आई आणि इंदिरा यांना तेथील अधिकाऱ्याने अपमानित केले. त्याच्या निषेधार्थ जवाहरलालजींनी आपल्या भेटीच घेणे बंद केले. कित्येक महिने मुलीला वडिलांचे दर्शन झाले नाही. स्वाभिमानाची किंमत मोठ्यांबरोबर मुलेही मोजत असतात, हे अशा प्रसंगी ध्यानात येते.

येरवड्याची वाट

याच काळात पुण्याच्या नदीपलीकडील येरवडा हे नाव सर्व देशाच्या तोंडी झाले. 4 जानेवारी 1932 रोजी महात्मा गांधींना अटक होऊन येरवडा मध्यवर्ती कारागृहात ठेवण्यात आले. सरदार वल्लभभाई पटेल व महादेवभाई देसाई हेही त्यांच्यासमवेत होते. ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर केला व अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध 20 सप्टेंबर रोजी गांधीजींनी तुरुंगातच आमरण उपोषण आरंभिले.

त्या दिवसांत येरवड्यात दोन न्याय्य आग्रह समोरासमोर उभे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या समाजाच्या राजकीय हक्कांसाठी झगडत होते आणि एका थकलेल्या वृद्धाच्या प्राणांचे ओझे त्यांच्यावर टाकले गेले होते. 24 सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्या जागी संयुक्त मतदारसंघांतून प्रांतिक विधिमंडळांत 148 राखीव जागा मान्य झाल्या. मूळ निवाड्यात त्या 71 होत्या. या तडजोडीची खंत बाबासाहेबांनी पुढे लपविली नाही, हेही आम्ही येथे नमूद करतो.

उपोषणकाळात इंदिरा आपल्या धाकट्या आतेबहिणींसह गांधीजींना भेटावयास तुरुंगात गेली. तिच्या दृष्टीने ते देशाचे पुढारी होतेच, पण त्याआधी घरात लहानपणापासून पाहिलेले बापू होते. अशक्त झालेल्या गांधीजींनीही त्या अवस्थेत देहरादूनच्या तुरुंगातील जवाहरलालजींना तारेने मुलींची खुशाली कळविली. इंदू आनंदी दिसते, अंगानेही भरली आहे, असा त्या तारेचा आशय होता. एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात गेलेला हा निरोप एका शाळेच्या कामाची पावतीच नव्हे काय? राजकारणाच्या त्या वादळात मूल सुखरूप आहे, जेवते आहे, हसते आहे, एवढे कळणे बापाला पुरेसे होते. वकील दांपत्याच्या शाळेला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळाले असेल असे आम्हांस वाटत नाही.

26 सप्टेंबर रोजी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुटले. कस्तुरबांनी संत्र्याचा रस दिला. रवींद्रनाथ टागोर त्या वेळी उपस्थित होते व त्यांनी आपले गीत गाइले. ज्यांच्या विचारांतून इंदिरेची पुण्यातील शाळा जन्मास आली होती, ते गुरुदेवच त्या दिवशी पुण्यात आले होते. 1934 साली इंदिरा मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाली आणि त्याच वर्षी शांतिनिकेतनात दाखल झाली.

पुढील वाटचाल

तेथेही तिला फार काळ राहता आले नाही. आईचे दुखणे बळावल्यामुळे 1935 साली तिला आईबरोबर युरोपला जावे लागले. 28 फेब्रुवारी 1936 रोजी लोझान येथे कमला नेहरू निवर्तल्या. इंदिरा तेव्हा अठरा वर्षांची होती. पुढे ती ऑक्सफर्डला शिकली, परंतु प्रकृती व महायुद्ध यांमुळे पदवी राहून गेली. 26 मार्च 1942 रोजी फिरोज गांधी यांच्याशी विवाह झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तिने स्वतः तुरुंगवास पत्करला. 24 जानेवारी 1966 रोजी त्या पंतप्रधान झाल्या. 1969 सालचे बँकांचे राष्ट्रीयीकरण, 1971 सालचे बांगलादेशचे युद्ध यांचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे.

मात्र चरित्र सांगताना अडचणीचे पान उलटून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 25 जून 1975 रोजी देशावर आणीबाणी लादली गेली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले व हजारो माणसे चौकशीविना स्थानबद्ध झाली. त्यांपैकी अनेकजण येरवड्याच्या त्याच कारागृहात होते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस तेथे होते. समाजवादी कार्यकर्त्या प्रमिला दंडवते तेथे होत्या आणि त्यांचे पती मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात. दोघांचा संसार दोन तुरुंगांमधील पत्रांवर चालला होता. पत्रांवर चाललेले कुटुंब काय असते, हे पंतप्रधानांइतके आणखी कोणाला ठाऊक होते? ज्या वाटेने त्या लहानपणी बंदिवानांच्या भेटीस गेल्या, त्याच वाटेने आता इतरांची मुलेबाळे जाऊ लागली.

याहूनही विलक्षण गोष्ट म्हणजे, आणीबाणीविरुद्ध ठामपणे लिहिणाऱ्यांत नयनतारा सहगल होत्या. पुण्याच्या शाळेत जिला इंदिरेने धाकटी बहीण म्हणून सांभाळले, ती हीच नयनतारा. पुढे 1986 साली त्यांना कादंबरीलेखनासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच शाळेच्या, एकाच घराच्या दोन मुली. एकीने सत्ता हाती घेतली, दुसरीने त्या सत्तेला प्रश्न विचारला. शाळा मुलांना आसरा देते, संस्कार देते, पण त्यांच्या वतीने पुढचे निर्णय घेऊ शकत नाही. ते प्रत्येकाने आपल्या विवेकाला साक्षी ठेवून घ्यावयाचे असतात.

1977 साली इंदिराजींनी निवडणूक घेतली, त्यात त्यांचा पराभव झाला आणि तो त्यांनी स्वीकारला. 1980 साली जनतेने त्यांना पुन्हा सत्तेवर आणले. 31 ऑक्टोबर 1984 रोजी दिल्लीत राहत्या घराच्या आवारात त्यांच्याच अंगरक्षकांच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला.

आम्हांसाठी बोध

या जीवनकथेचा विचार करताना आमचे लक्ष पुन्हा पुन्हा त्या छोट्या शाळेकडे जाते. पालक तुरुंगात असलेल्या चार मुलींना तिने आपले म्हटले. त्या मोठ्या घरच्या होत्या आणि त्यांच्या पालकांचा तुरुंगवास देशाभिमानाचा होता, हे खरे. आज येरवड्याच्या भिंतीआड हजारो बंदी आहेत. त्यांच्या मुलांना असा मान मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 सालच्या निर्णयानुसार बंदिवान आईजवळ मूल सहा वर्षांपर्यंत राहू शकते. त्यानंतर त्याने कोठे जावे? नातेवाईक नाकारतात, शेजारी कुजबुजतात, वर्गातील मुले चिडवतात. आईवडिलांच्या अपराधात ज्याचा काडीचा वाटा नाही, ते लेकरू शिक्षा मात्र पूर्ण भोगते.

आपल्या शाळा व वसतिगृहे येथे पुष्कळ करू शकतात. अशा एका मुलाला प्रवेश द्यावा, त्याची माहिती मुख्याध्यापकांपुरती ठेवावी, भेटीच्या दिवशी त्याला विनाप्रश्न रजा द्यावी आणि तो परत येईल तेव्हा त्याचे जेवण झाकून ठेवावे. एवढे केले तरी फार झाले. त्या मुलाचे नाव कदाचित गुणवंतांच्या यादीत येणार नाही. परंतु भिंतीपलीकडे बसलेल्या कोणा आईला, कोणा बापाला, आपले लेकरू खुशाल आहे एवढा निरोप पोहोचेल. शाळेच्या वार्षिक अहवालात अशा एका निरोपालाही जागा असावी, एवढीच आमची नम्र विनंती.