ग्रेगोर मेंडेल
ग्रेगोर योहान मेंडेल (१८२२ – ६ जानेवारी १८८४) हे ब्रून (सध्याचे ब्रनो, चेक प्रजासत्ताक) येथील ऑगस्टिनियन मठातील धर्मगुरू व आनुवंशिकीचे जनक होते. शिक्षकपदाची परीक्षा मात्र ते कधीच उत्तीर्ण झाले नाहीत. १८५६ पासून त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याच्या सात लक्षणांचा अभ्यास केला. गोल व सुरकुतलेल्या बियांच्या संकरातून पहिल्या पिढीत सर्व बिया गोल निघाल्या. दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेल्या, म्हणजे जवळपास ३:१. दबलेले लक्षण नाहीसे होत नाही, हे या मोजणीने दाखवले. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध दुर्लक्षित राहिला. मठाधिपती झाल्यावर त्यांचा बराच काळ सरकारशी करविषयक वादात गेला. १९०० मध्ये द व्हरीस, कॉरेन्स व चेर्माक यांच्यामुळे हे नियम पुन्हा प्रकाशात आले, तेव्हा मेंडेल यांच्या निधनाला १६ वर्षे झाली होती.